मेंदूंतील लहरी व त्यांचें गणित

मधल्या सुटीनंतरच्या तासाला घाटकोपरच्या एखाद्या शाळेच्या व्हरांड्यांतून कोणी चालत गेला, आणि त्या वेळीं एखाद्या वर्गावर शिक्षक अद्यापि आले नसले, तर त्याच्या कानीं एक मौजेची गोष्ट पडते. आंत साठ मुलें असतात. प्रथम दोन-तीन मुलें कुजबुजतात; त्यांचें ऐकून शेजारचीं दहा बोलूं लागतात; बघतां बघतां साऱ्या वर्गांत गलका माजतो. मग वर्गनायक उठतो, टेबलावर हात आपटून 'गप्प बसा' म्हणून ओरडतो, आणि वर्ग एकदम शांत होतो. ही शांतता किती वेळ टिकते? नायकाचा धाक मुलांच्या मनांत जितका वेळ टिकतो तितका वेळ. धाक ओसरला कीं पुनः कुजबूज, पुनः गलका, पुनः टेबलावर थाप. व्हरांड्यांतून ऐकणाऱ्यास आंतील एकाहि मुलाचें बोलणें कळत नाहीं. परंतु गलक्याचा चढउतार त्याला स्पष्ट ऐकूं येतो, आणि कान देऊन ऐकल्यास त्या चढउताराची लयहि मोजतां येते. ही लय कोणी शिकविलेली नसते, कोणी घड्याळ लावून ठरविलेली नसते. बोलणारीं मुलें आणि गप्प करणारा नायक ह्यांच्या ओढाताणींतून ती आपोआप निघते.

मनुष्याच्या मेंदूंतहि अशीच एक लय आहे. मेंदूचा जो घड्याघड्यांचा पृष्ठभाग चित्रांत दिसतो, ती दोन ते चार मिलिमीटर जाडीची एक करडी साल असते. शास्त्रज्ञ तिला कॉर्टेक्स म्हणतात. ह्या सालीचा कांहीं भाग पाहण्याचें काम करतो, कांहीं ऐकण्याचें, कांहीं स्पर्श ओळखण्याचें. डोळ्यांपुढें एखादें चित्र आलें कीं डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टीच्या भागांत विजेच्या बारीक लहरी उठतात, आणि त्यांतील कांहीं एका सेकंदांत तीस ते ऐंशी वेळां वर-खालीं होतात. ह्या जलद लहरींना गॅमा असें नांव आहे. त्या कशा उठतात, कशासाठीं उठतात, आणि वार्धक्यांत त्या क्षीण कां होतात, हे प्रश्न आतां केवळ प्रयोगशाळेचे राहिलेले नाहींत. ज्या घरांत सत्तरी ओलांडलेलें माणूस आहे आणि त्याला कालची गोष्ट आज आठवेनाशी झाली आहे, त्या घराच्या दारापर्यंत ते येऊन पोंचले आहेत.

मेंदूंत वीज आहे हें प्रथम १८७५ सालीं लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन ह्या वैद्यानें दाखविलें. ससे व माकडें ह्यांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून त्यानें सूक्ष्म विद्युत्प्रवाह पाहिले. मनुष्याच्या मेंदूची वीज जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर ह्या मानसरोगतज्ज्ञानें १९२४ सालीं टिपली, आणि पांच वर्षें पुनः पुनः पडताळून १९२९ सालीं ती हकीकत प्रसिद्ध केली. प्रयोगासाठीं तो आपल्या मुलालाहि बसवीत असे. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूंत सेकंदाला सुमारें दहा लहरी उठतात, आणि डोळे उघडतांच त्या मावळतात, असें त्याला दिसून आलें. पुष्कळांनीं ह्या गोष्टीकडे संशयानें पाहिलें. पुढें १९३४ सालीं केंब्रिजच्या एडगर एड्रियन व ब्रायन मॅथ्यूज ह्यांनीं तोच प्रयोग करून बर्गरचें म्हणणें खरें ठरविलें, तेव्हां कोठें विद्वानांचा विश्वास बसला. त्याच एड्रियननें १९४२ सालीं आणखी एक गोष्ट नोंदविली. हेजहॉग ह्या काटेरी अंगाच्या लहान प्राण्याला वास दिला असतां त्याच्या मेंदूंतील वास ओळखणाऱ्या भागांतहि लयबद्ध लहरी उठतात. म्हणजे लय ही केवळ विश्रांतीची खूण नव्हे. इंद्रियें कामाला लागलीं असतांहि मेंदू एका ठेक्यावर चालतो.

ह्या लहरी किती सूक्ष्म असतात ह्याची कल्पना मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यास सहज यावी. त्याच्या घरांतील दिव्याला २३० व्होल्टची वीज लागते. अंधेरी-बोरिवलीच्या रुळांवर ताणलेल्या तारेंत २५ हजार व्होल्ट असतात. डोक्याच्या कातडीवर हातीं लागणारी मेंदूची वीज मात्र व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते, आणि गॅमा लहर ही तिच्यांतीलहि फार बारीक लहर. शिवाय आणखी एक अडचण आहे. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला पन्नास चक्रें पुरीं करते. मुंबईच्या लोकलगाड्या १९२५ सालीं विजेवर धावूं लागल्या, तेव्हां त्यांना एकाच दिशेनें वाहणारी १,५०० व्होल्टची वीज मिळे. ती बदलून तेथें २५ हजार व्होल्टची, पन्नास चक्रांचीच वीज देण्याचें काम २०१६ सालीं पुरें झालें. तेव्हां भिंतींतील तारांची, पंख्यांची व दिव्यांची विद्युत् गुणगुण नेमकी ज्या पट्ट्यांत येते, त्याच पट्ट्यांत गॅमा शोधावयाची असते. जत्रेंतील नगाऱ्याशेजारीं उभें राहून झोपलेल्या तान्ह्या मुलाचा श्वास ऐकावा, तसें हें काम आहे. यंत्राच्या तारा नीट झांकून, पन्नासाचा सूर गणितानें वेगळा काढून, एकच चित्र शेंकडों वेळां दाखवून आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढूनच ती लहर हातीं येते.

बरें, इतक्या सायासानें ती हातीं आली, तरी तो व्हरांड्यांतून ऐकलेला गलकाच. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि डोक्याला लावलेल्या एकेका चकतीखालीं त्यांतील लक्षावधि पेशी एकाच वेळीं बोलत असतात. कोण बोललें, कोणी कोणाला गप्प केलें, हें एका वेड्यावांकड्या रेषेवरून कसें ओळखावें? येथें गणित मदतीला येतें. शास्त्रज्ञ गणकयंत्रांत एक लहानसा खोटा मेंदू मांडतो. खऱ्या पेशींचे जे गुण प्रयोगानें माहीत झाले असतील ते तो त्यांत घालतो, आणि त्यांतून निघणारी लहर खऱ्या लहरीशीं ताडून पाहतो. ह्याला गणिती प्रतिकृति म्हणतात. दोन्ही लहरी जुळल्या, तर आपली समजूत बरोबर असण्याचा संभव आहे. न जुळल्या, तर त्या समजुतींत कांहीं तरी चुकलें आहे हें निश्चित. प्रतिकृतीचें मोल विशेषतः ह्या दुसऱ्या बाजूला आहे. कागदावर तपासून पाहण्याची सोय नसेल तर सुंदर कल्पना व खरी कल्पना ह्यांतील भेद कळावयाचा कसा?

ह्या विद्येचा पाया १९५२ सालीं घातला गेला. मुंबईच्या मासळीबाजारांत ज्याला माकुल म्हणतात त्याच्या जातीच्या एका समुद्रप्राण्याच्या अंगांत फार जाड मज्जातंतु असतो. त्या तंतूंतून विजेचा ठोका कसा धावतो ह्याचीं समीकरणें केंब्रिजचे ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली ह्यांनीं बसविलीं. त्या सुमारास केंब्रिजचें मोठें गणकयंत्र बंद होतें. म्हणून हक्स्लीनें हातानें फिरवावयाच्या यंत्रावर ती सारी आकडेमोड केली. १९६३ सालीं दोघांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्याच वंशांतील समीकरणें आज उपनगरांतहि चालतात. अंधेरी, घाटकोपर व मुलुंड ह्यांच्या मधोमध पवईच्या तलावाकाठीं १९५८ सालीं जी भारतीय तंत्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तेथें रोहित मनचंदा ह्यांनीं चेतापेशींच्या आणि मूत्राशयाच्या स्नायुपेशींच्या विद्युत्क्रियेच्या गणिती प्रतिकृति रचल्या. आणि तेथीलच उदयन गांगुली व त्यांचे सहकारी चेतापेशीसारखे ठोके देणारीं मंडलें सिलिकॉनवर उतरविण्याच्या उद्योगांत आहेत.

एका पेशीचें गणित बसलें. पण वर्ग म्हणजे एक मूल नव्हे. वर्गाचें गणित १९७२ सालीं शिकागो येथील ह्यू विल्सन व जॅक कोवन ह्यांनीं मांडलें. प्रत्येक पेशीचा स्वतंत्र हिशेब ठेवणें अशक्य आहे हें ओळखून त्यांनीं पेशींच्या दोनच जमाती कल्पिल्या. एक उत्तेजक, म्हणजे शेजाऱ्यांना बोलावयास लावणारी. दुसरी निरोधक, म्हणजे शेजाऱ्यांना गप्प करणारी. कॉर्टेक्समध्यें सामान्यतः चार-पांच पेशींमागें एक पेशी निरोधक असते. उत्तेजक पेशी एकमेकींना चेतवितात आणि त्याबरोबर निरोधक पेशींनाहि चेतवितात. निरोधक पेशी चेतल्या कीं त्या उत्तेजकांना दाबतात. उत्तेजक दबल्या कीं निरोधकांना चेतविणारें कोणी उरत नाहीं, म्हणून त्याहि शांत होतात. दाब उतरला कीं उत्तेजक पुनः डोकें वर काढतात. मुलें, नायक आणि धाक ह्यांचीच ही कथा. दोन समीकरणांत ती मावते.

ह्या समीकरणांतील आंकडे कमीजास्त केले असतां काय होतें, हें पाहण्यासारखें आहे. निरोध फार दुबळा ठेवला तर गलका वाढतच जातो आणि थांबत नाहीं. अपस्माराच्या झटक्यांत मेंदूच्या एखाद्या भागाची जी अवस्था होते तिच्याशीं हिचें साम्य आहे. निरोध फार प्रबळ केला तर सारें सामसूम. दोहोंच्या मध्यें एक पट्टा असा आहे कीं, तेथें लय आपोआप सुरू होते आणि बाहेरून उत्तेजन मिळत आहे तोंवर चालू राहते. तिचा वेग मुख्यतः निरोधाचा प्रभाव किती वेळ टिकतो ह्यावर अवलंबून असतो. कॉर्टेक्समध्यें हा प्रभाव साधारणपणें सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या अवधींत ओसरूं लागतो. पेशींना पुनः चेतण्यास लागणारा काळ त्यांत मिळविला कीं एका फेरीला सेकंदाचा सुमारें चाळिसावा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला चाळीस फेऱ्या. गॅमाचा वेग कोठूनहि उसना न आणतां हिशेबांतून निघाला!

पण हिशेब जमला म्हणून निसर्ग तसाच वागतो असें कोठें आहे? त्याला विचारलें पाहिजे. १९९५ सालीं माइल्स व्हिटिंग्टन, रॉजर ट्राउब व जॉन जेफ्रीज ह्यांनीं उंदराच्या मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या पातळ कापांवर असा प्रश्न टाकला. निरोधाचा प्रभाव लांबविणारें गुंगीचें औषध त्यांनीं त्या कापांना दिलें. धाक अधिक वेळ टिकूं लागला, आणि प्रतिकृतीच्या भाकिताप्रमाणें लय मंदावली. २००९ सालीं अमेरिकेंत जेसिका कार्डिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्याहून थेट प्रयोग केला. उंदराच्या मिशांचा स्पर्श ओळखणारा जो कॉर्टेक्सचा भाग, त्यांतील ठराविक जातीच्या पेशी प्रकाश पडतांच चेततील अशी योजना त्यांनीं केली. निरोधक पेशींवर सेकंदाला चाळीस वेळां प्रकाश टाकला, तेव्हां गॅमा लहर जोरानें उठली. उत्तेजक पेशींवर त्याच वेगानें टाकला, तेव्हां तशी उठली नाहीं. वर्गाच्या लयीची किल्ली बहुसंख्य मुलांच्या हातीं नसून मोजक्या नायकांच्या हातीं आहे, ही गोष्ट अशी प्रयोगानेंच पुढें आली.

आतां लय आहे, तिचा उगमहि कळला. पण तिचा उपयोग काय? ह्याचें एक उत्तर मधमाशीकडून मिळालें. कीटकांना कॉर्टेक्स नसतो. परंतु त्यांच्या मेंदूंत वास ओळखण्याचें जें केंद्र असतें, तेथेंहि उत्तेजक व निरोधक अशा दोन जमाती आहेत, आणि वास येतांच तेथेंहि लय उठते. १९९७ सालीं मार्क स्टॉफर, जील लोराँ आदि शास्त्रज्ञांनीं मधमाश्यांना वास ओळखावयास शिकविलें, आणि पिक्रोटॉक्सिन ह्या द्रव्यानें त्यांच्या मेंदूंतील निरोध अडवून लय मोडली. लय मोडलेल्या माश्यांना अगदीं भिन्न वासांतील फरक तेवढा कळे. पण जवळजवळ सारखे असे दोन वास वेगळे ओळखणें त्यांना साधेना. ठळक भेद लयीवांचूनहि कळतो. बारीक भेदाला लय लागते.

ह्या कीटकांच्या गणितांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. पुण्यास २००६ सालीं भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था निघाली. तेथें पुढें अध्यापन करूं लागलेले कॉलिन्स असिसी ह्यांनीं मार्क स्टॉफर व मॅक्सिम बाझेनॉव्ह ह्यांच्यासह २०११ सालीं टोळाच्या मेंदूंतील वासाच्या केंद्राची एक प्रतिकृति प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या पिकाचा जो वैरी, तोच हा टोळ. त्याच्या मेंदूंत वास आला कीं सेकंदाला सुमारें वीस लहरी उठतात. पण प्रत्येक लहरींत त्याच त्याच पेशी बोलत नाहींत. कांहीं ह्या फेरींत बोलतात, कांहीं पुढच्या. हा क्रम कोण ठरवितो? असिसी व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक शाळकरी युक्ति योजिली. भूगोलाच्या तासाला मुलें तालुक्यांचा नकाशा रंगवितात, तेव्हां एकमेकांस लागून असलेल्या दोन तालुक्यांना एकच रंग द्यावयाचा नाहीं असा नियम असतो. तसेंच ज्या दोन निरोधक पेशी एकमेकींना दाबतात त्यांना वेगवेगळे रंग द्यावयाचे. असें सारें जाळें रंगवून झाल्यावर प्रतिकृतींत असें आढळलें कीं, एका रंगाच्या पेशी एकमेकींच्या आड येत नसल्यामुळें एकदम बोलतात आणि त्या वेळीं दुसऱ्या रंगाच्या गप्प असतात. मग दुसऱ्यांची पाळी येते. म्हणजे कोण कोणास गप्प करतो ह्याचा नकाशा हातीं असेल, तर कोण केव्हां बोलेल ह्याचा अंदाज बांधतां येतो.

कीटकाकडून पुनः डोळे व कॉर्टेक्स ह्यांकडे वळलें कीं येथें मात्र वाद आहे. १९८९ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें चार्ल्स ग्रे व वोल्फ झिंगर ह्यांनीं मांजराच्या दृष्टिभागांत अशी लय दाखविली, आणि त्याच गटानें त्याच वर्षीं असेंहि दाखविलें कीं, एकाच वस्तूचे भाग पाहणाऱ्या दूरदूरच्या पेशी एका ठेक्यांत बोलतात. त्यावरून एक मोहक कल्पना निघाली. मेंदूंत रंग एकीकडे, आकार दुसरीकडे, हालचाल तिसरीकडे ओळखली जाते. मग हें सारें मिळून एकच आंबा आहे हें कळतें कसें? ज्या पेशी एका तालांत बोलतात त्या एकाच वस्तूविषयीं बोलत असतात, असें ह्या कल्पनेचें उत्तर होतें. कल्पना इतकी सुंदर कीं वृत्तपत्रांतून ती जणूं सिद्ध झाल्यासारखी वावरूं लागली.

तिची परीक्षा घेणाऱ्यांत सुप्रतिम रे हे एक भारतीय शास्त्रज्ञ होते. २०१० सालीं अमेरिकेंत जॉन मॉन्सेल ह्यांच्यासह त्यांनीं माकडांवर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, चित्राचा जो भाग उठावदार असतो तेथें गॅमाचा वेग वाढतो, आणि फिका असतो तेथें घटतो. मग एकाच चित्राचे कांहीं भाग गडद व कांहीं फिके असले, तर ते पाहणाऱ्या पेशी एका वेगानें चालणारच नाहींत. आणि वेग एक नसेल तर ताल एक कसा राहील? २०१४ सालीं मोनिका जादी व टेरेन्स सेनोव्स्की ह्यांनीं उत्तेजक-निरोधक प्रतिकृतींतून ह्याचा उलगडा केला. चित्र मोठें केलें तर लहर प्रबळ होऊन मंदावते, उठाव वाढविला तर ती वेगवान होते, ह्या दोन्ही गोष्टी दोन जमातींना मिळणाऱ्या उत्तेजनाच्या प्रमाणावरून समजावून सांगतां येतात. त्यासाठीं वेगळा तालमास्तर मानण्याची गरज पडत नाहीं. व्हरांड्यांत ऐकूं येणारी लय ही वर्गाच्या व्यवस्थेची खूण आहे. ती स्वतः एखादा निरोप पोंचविते कीं नाहीं, हा प्रश्न अद्यापि सुटलेला नाहीं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत रे ह्यांच्या प्रयोगशाळेनें हें काम पुढें चालविलें. २०१८ सालीं तेथून असें प्रसिद्ध झालें कीं, मोठें रेषारेषांचें चित्र दाखविलें तर एक नव्हे, दोन गॅमा उठतात: एक मंद, दुसरी जलद, आणि त्या माकडांप्रमाणेंच मनुष्याच्या डोक्यावरूनहि टिपतां येतात. २०२२ सालीं आर. कृष्णकुमारन, मोहम्मद रईस व रे ह्यांनीं त्या लहरीचा आकार तपासला. पाठ्यपुस्तकांतील लहर वर जितकी गोल तितकीच खालीं गोल असते. पण ही लहर कमानींच्या रांगेसारखी निघाली, वर गोलसर व खालीं टोंकदार. किरकोळ वाटणारी ही गोष्ट गणिताला कामाची ठरली. लहर कितीहि वेगवेगळ्या प्रतिकृतींतून निघेल. परंतु कमानीच्याच आकाराची लहर त्यांतील ठराविक प्रकारच्या व्यवस्थेंतूनच निघते, निरोधक पेशींना अधिक चेतवावें तों त्यांचा प्रतिसाद त्याहून चढ्या प्रमाणांत वाढत जावा अशा व्यवस्थेंतून. ज्या प्रतिकृति केवळ वेग जुळल्यामुळें उत्तीर्ण झाल्या होत्या, त्यांतील कांहींना ह्या आकाराच्या परीक्षेंत गुण मिळाले नाहींत.

ह्या साऱ्या खटाटोपाचा घरगुती अर्थ आतां लागतो. त्याच प्रयोगशाळेनें बंगळूरमधील पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांच्या लहरी टिपल्या, आणि वय वाढतें तशी गॅमा क्षीण व मंद होते असें २०२० सालीं प्रसिद्ध केलें. पुढच्या वर्षीं असें दिसून आलें कीं, ज्यांना सौम्य स्मृतिदौर्बल्य अथवा अल्झायमरचा रोग जडला आहे त्यांची गॅमा त्याच वयाच्या निरोगी माणसांहूनहि क्षीण असते. ह्या दुसऱ्या पाहणींतील रुग्ण थोडे होते. म्हणून तिच्यावर एकदम इमारत चढविणें बरें नव्हे. तरी आशा वाटण्याजोगी गोष्ट ही कीं, ही तपासणी डोक्याला चकत्या लावून पडद्यावरील रेषा पाहण्यानें होते. सुई नाहीं, शस्त्र नाहीं. निरोधक पेशींचें काम बिघडूं लागलें आहे ह्याची सूचना व्हरांड्यांतूनच मिळूं शकली, तर ती मोलाचीच ठरेल.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. २०१६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेंतून असें प्रसिद्ध झालें कीं, अल्झायमरसारखा रोग होईल अशा रीतीनें वाढविलेल्या उंदरांना सेकंदाला चाळीस वेळां लुकलुकणारा दिवा तासभर दाखविला, तर दृष्टिभागांतील रोगद्रव्य घटतें. जगभर ह्या वार्तेचा गाजावाजा झाला. मग २०२३ सालीं न्यूयॉर्क येथें ग्यॉर्गी बुझाकी ह्यांच्या प्रयोगशाळेनें तोच प्रयोग करून पाहिला. त्यांना रोगद्रव्यांत तशी घट आढळली नाहीं, आणि दिव्याची लुकलुक मेंदूच्या स्वतःच्या गॅमाला आपल्या तालावर नाचवीत नाहीं, असेंहि त्यांनीं लिहिलें. मनुष्यांवर ह्या उपायाच्या चाचण्या झाल्या आहेत. पण गेलेली स्मृति त्यानें परत येते असें सिद्ध झालेलें नाहीं.

विद्वानांचे मतभेद विद्वान मिटवितील. पण बाजार तोंवर थांबत नाहीं. 'चाळीसच्या लहरीं'चा दिवा, स्मरणशक्ति वाढविणारा आवाज, अशा वस्तूंच्या जाहिराती मुलुंड-बोरिवलीच्या घराघरांतील दूरध्वनीच्या पडद्यावर येतात. मुलगा दिवसभर नोकरीला गेलेला, सून कामांत, आणि घरीं बसलेले आजोबा मनांतल्या मनांत घाबरलेले. नातवाचें नांव ओठांवर येऊन अडतें, हें त्यांनीं कोणालाहि सांगितलेलें नसतें. अशा माणसाला त्या जाहिरातीचा मोह पडला, तर त्यांत नवल नाहीं. घरांतील वडील माणसाची ही धास्ती खरी असते. तिची थट्टा करूं नये. परंतु त्याला वर्गाची गोष्ट सांगावी. वर्गांतला गलका मंदावला, कारण नायक थकले आहेत, मुलें उठून गेलीं आहेत. अशा वेळीं व्हरांड्यांत कोणी चाळीसच्या ठेक्यावर ढोल बडविला, तर बाहेर ऐकणाऱ्यास लय पूर्वीसारखी वाटेल. आंतील रिकामे बांक त्यानें भरतीलच असें कसें म्हणावें? दिव्याची लुकलुक मेंदूंत उमटते ती ह्या ढोलासारखी आहे, कीं तिनें थकलेल्या नायकांना खरोखरच हुशारी येते, हेंच ठरावयाचें आहे. आणि तें ठरविण्याला जाहिरात उपयोगी नाहीं, समीकरण व प्रयोग हींच लागतात. शिवाय लुकलुकणाऱ्या प्रकाशानें कांहीं माणसांना अपस्माराचा झटका येऊं शकतो, हें तर फार पूर्वींपासून माहीत आहे.

तोंवर करण्यासारख्या साध्या गोष्टी पुष्कळ आहेत. विसरभोळेपणा वाढला कीं तो वयाचाच म्हणून सोडून देऊं नये, आणि घाबरून दिवा विकत घेऊंहि नये. आधीं डॉक्टरांस दाखवावें. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी घरांतून बरीच आढळते. तिनें स्मरण मंदावतें, आणि ती भरून काढतां येते. कंठग्रंथीचें काम मंदावलें तर तेंच होतें, आणि त्यावर औषध आहे. मनाची उदासी, अपुरी झोंप, रोजच्या गोळ्यांपैकीं एखाद्या गोळीची गुंगी, ह्यांचाहि परिणाम तसाच दिसतो. कान मंद झालेल्या माणसाला पुष्कळदां विसराळू म्हटलें जातें. वस्तुतः त्याला तें बोलणें ऐकूंच आलेलें नसतें. ह्यांतलें काय आहे हें एका तपासणींत पुष्कळसें कळतें. आणि आजोबा डॉक्टरांकडे जावयास निघाले, तर घरांतील कोणी तरी त्यांच्याबरोबर जावें; काय विसरलें जातें, हें विसरणाऱ्यापेक्षां सोबतीलाच अधिक नीट सांगतां येतें.